अनौपचारिक रोजगार आणि तरुण

ज्या कामाला लेखी करार, सामाजिक विमा, पगारी रजा किंवा कामगार कायद्याचे संरक्षण नसते, त्याला अनौपचारिक रोजगार म्हणतात. फेरीवाले, बांधकामावरचे रोजंदार, घरकामगार आणि घरच्या शेतात बिनपगारी राबणारी मुले-मुली त्यात येतात. नोंदणीकृत कारखान्यात विम्याविना राबणारा कामगारही त्यातच मोडतो, हे मात्र अनेकदा विसरले जाते.

कीथ हार्ट या मानवशास्त्रज्ञांनी घानातील अक्रा शहरात आलेल्या स्थलांतरितांच्या कमाईचा अभ्यास करून १९७०च्या दशकारंभी ही कल्पना मांडली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७२च्या केनियाविषयक अहवालामुळे ती धोरणकर्त्यांपर्यंत पोहोचली. दिवसभर राबूनही गरीबच राहणारी माणसे हा उघड्या बेकारीपेक्षा मोठा प्रश्न आहे, हे त्या अहवालाने दाखवले, आणि ते आजही तितकेच खरे आहे.

याच संघटनेच्या २०१८च्या अंदाजानुसार जगातील सुमारे २ अब्ज लोक, म्हणजे ६१ टक्के काम करणारे, अनौपचारिक रोजगारात होते. १५ ते २४ वयोगटात हे प्रमाण ७७ टक्के होते; आफ्रिकेतील तरुणांत तर जवळपास ९५ टक्के.

म्हणूनच बेकारीचा दर हे गरीब देशांसाठी अपुरे माप आहे. जिथे बेकारी भत्ता नाही, तिथे हातावर पोट असलेल्या तरुणाला रिकामे बसणे परवडत नाही. मिळेल ते काम तो धरतो आणि आकडेवारीत ‘रोजगारप्राप्त’ ठरतो. नोकरीची वाट पाहत थांबणे जमते ते बहुधा घरचा आधार असलेल्या शिकलेल्यांना. त्यामुळे अनेक देशांत सुशिक्षित तरुणांतच बेकारी जास्त दिसते.

कौशल्य मिळते ते बहुतेक कामावरच. पश्चिम आफ्रिकेत शिवणकाम, सुतारकाम, वाहनदुरुस्ती हे धंदे उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करून शिकले जातात. काही ठिकाणी त्यासाठी फी भरावी लागते, आणि अनेकदा प्रमाणपत्र मिळत नाही.

उपायांमध्ये युगांडाचा अनुभव बोलका आहे. २००८ मध्ये उत्तर युगांडातील तरुणांच्या गटांना धंदा शिकण्यासाठी व अवजारांसाठी रोख अनुदान मिळाले. चार वर्षांनी त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे ३८ टक्के जास्त होती. नऊ वर्षांनी, इतर तरुणही पुढे सरकल्याने, ही तफावत जवळजवळ मिटली. २०१५च्या शिफारस क्र. २०४ मध्ये श्रम संघटनेने औपचारिकतेकडे जाताना लोकांच्या उपजीविकेच्या संधी जपाव्यात, असे सदस्य देशांना सुचवले आहे. हातगाड्या जप्त करणे म्हणजे औपचारिकीकरण नव्हे.