जुनी जिप्सी, लांबचा रस्ता आणि वाऱ्याचा हिशोब

बंद पडलेली मारुती जिप्सी सपाट, डांबरी जागेवर न्यूट्रलमध्ये असेल, तर एकटा धडधाकट माणूस ती ढकलत रस्त्याच्या कडेला नेऊ शकतो. तिच्या टायरांचा, बेअरिंगांचा आणि गिअरांचा सगळा विरोध मिळून त्या वेळी जेमतेम पंधरा-सोळा किलो वजनाएवढा असतो. हीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावू लागली, की तिला पुढे रेटायला जवळजवळ सदुसष्ट-अडुसष्ट किलो वजनाएवढा जोर सतत लावावा लागतो. मधल्या पन्नास किलोंची वाढ गाडीच्या कुठल्याही भागातून आलेली नसते. ती समोरच्या हवेची असते. जुन्या जीपचे हायवेवरचे ॲव्हरेज वाढवण्याच्या बहुतेक गप्पा बॉनेटखाली सुरू होतात आणि तिथेच संपतात. या गप्पांमध्ये हवेचा हा वाटा सहसा निसटतो.

हिशोबासाठी जिप्सी घेण्याचे कारण असे, की आपल्याकडे प्रवासाची हौस असलेल्या लोकांनी जपून ठेवलेल्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांमध्ये ती हटकून आढळते. १९८५ मध्ये ती ९७० सीसी इंजिनासह आली, १९९६ मध्ये १२९८ सीसीची 'किंग' आली आणि २००० मध्ये त्याच इंजिनाला कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी एमपीएफआय प्रणाली मिळून ताकद ८० अश्वशक्तीवर गेली. मूळ आराखडा मात्र शेवटपर्यंत सुझुकीच्या एसजे मालिकेचाच राहिला: उभी सपाट काच, चौकोनी नाक, कमानी पाट्यांचे सस्पेन्शन आणि पुढे-मागे अखंड ॲक्सल. शेतातल्या चिखलात आणि नदीपात्रातल्या गोट्यांवर हे सगळे गुण ठरतात, परंतु पुणे-कोल्हापूर रस्त्यावर त्यांची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते.

हवेचा रोध गाडीच्या समोरच्या क्षेत्रफळावर, तिच्या आकारानुसार ठरणाऱ्या रोध-गुणांकावर, हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर (वेग गुणिले वेग) अवलंबून असतो. आजच्या एखाद्या सेडानचा गुणांक ०.३ च्या आसपास असतो, तर अशा चौकोनी जीपसाठी तो ०.५ धरणे वावगे ठरणार नाही. समोरचे क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटरांहून किंचित जास्त आणि माणसे-सामानासह वजन १३०० किलो मानले, तर ताशी ८० किलोमीटरला हवेचा रोध सुमारे ३२५ न्यूटन (दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो वजनाएवढा जोर) भरतो आणि ताशी १०० ला तो ५१० न्यूटनपर्यंत चढतो. टायरांचा रोध या दोन्ही वेगांना साधारण तेवढाच, म्हणजे दीडशे न्यूटनांच्या जवळपास राहतो. वेग पाव पटीने वाढला, तर हवेचा रोध दीडपटीहून अधिक होतो, आणि हे वर्गाचे गणित कोणत्याही ट्यूनिंगने बदलत नाही.

आता हे न्यूटन लिटरांत मांडू. सध्या पंपावर मिळणाऱ्या इथेनॉल-मिश्रित पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३० मेगाज्यूल ऊर्जा असते. इंजिन आणि गिअर मिळून तिचा पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवतात असे धरले, तर लिटरमागे ६ मेगाज्यूल कामी येतात. ताशी ८० ला शंभर किलोमीटर जाण्यासाठी ४८ मेगाज्यूल, म्हणजे ८ लिटर लागतात आणि ॲव्हरेज साडेबारा पडते. ताशी १०० ला ६६ मेगाज्यूल, म्हणजे ११ लिटर लागतात आणि ॲव्हरेज नऊवर येते. पुणे ते कोल्हापूर हे सुमारे २३० किलोमीटरांचे अंतर धरले, तर जाताना सात लिटर आणि येताना सात लिटर असा हा फरक आहे. हळू जाण्याने गमावलेला वेळ एका बाजूला पस्तीस मिनिटे आहे. साताऱ्याजवळच्या चहाच्या थांब्यावर बहुतेक मंडळी तेवढा वेळ सहज घालवतात.

मग ताशी ६० ने गेल्यास याच हिशोबाने ॲव्हरेज सतरा-अठरा का मिळत नाही, असा प्रश्न इथे रास्त आहे. पेट्रोल इंजिनाला कमी ताकद मागितली, की थ्रॉटलची झडप बरीचशी मिटलेली राहते आणि अर्धवट बंद वाटेतून हवा ओढण्यातच इंजिनाची शक्ती खर्च होते. शिवाय इंजिनाचे स्वतःचे घर्षण गाडीला लागणारी ताकद कमी झाली म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणजे वेग कमी होताना रोध घटतो, पण इंजिनाची कार्यक्षमताही घटते, आणि या दोहोंचा मेळ जिप्सीसारख्या गाडीत टॉप गिअरमध्ये ताशी ७० ते ८० च्या पट्ट्यात चांगला बसतो. त्याहून हळू जाऊन हाती फारसे लागत नाही आणि मागच्या ट्रकवाल्याचा संताप मात्र ओढवतो.

वेगानंतर टपावरच्या कॅरिअरचा क्रमांक लागतो. जाड पाइपांचे कॅरिअर, त्यावर ताडपत्रीत बांधलेला तंबू, दोन कॅन आणि पुढे चार गोल दिव्यांची पट्टी ही सजावट छायाचित्रात रुबाबदार दिसते खरी, परंतु ती गाडीच्या सर्वांत वेगवान हवेच्या प्रवाहात उभी केलेली भिंत असते. टपावरच्या बोजड पेटीमुळे द्रुतगती मार्गाच्या वेगाला इंधन-कार्यक्षमता १० ते २५ टक्के घटते, तर मागे लावलेल्या पेटीमुळे हायवेवर ती घट १ ते ५ टक्केच राहते, असे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे आकडे आहेत. हे आकडे मुळात गुळगुळीत असलेल्या मोटारींचे आहेत. जिप्सी आधीच हवेला आडवी जाणारी असल्याने तिची टक्केवारी थोडी कमी भरेल, मात्र दर शंभर किलोमीटरला जाणारे जादा लिटर जवळपास तेवढेच राहतील. गाडीच्या मागे हवा आधीच विस्कटलेली असते, त्यामुळे मागच्या दारावरचे स्टेपनी चाक जवळजवळ फुकट प्रवास करते. सामान बांधायचेच असेल तर ते आत किंवा मागे असावे. कापडी हूड असलेल्या गाडीत बाजूचे पडदे फडफडत असतील, तर ते ताणून बांधणे हाही इंधन वाचवण्याचाच भाग आहे. पुढच्या लोखंडी बुल-बारबद्दल तर वेगळा वाद घालायला नको, कारण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच अशा गार्डांवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते. तो काढल्याने वजन, वारा आणि दंड हे तिन्ही कमी होतात.

वाऱ्याची आणखी एक बाजू आहे. हवेच्या रोधात हवेच्या तुलनेतला वेग मोजला जातो, रस्त्याच्या तुलनेतला नाही. ताशी ८० ने जाताना समोरून ताशी २० चा वारा असेल, तर गाडीला तो ताशी १०० चाच रोध देतो. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली, ती तिथे वारा हमखास असतो म्हणूनच. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये, त्या पट्ट्यातून दक्षिणेकडे जाताना आणि परतताना ॲव्हरेजमध्ये फरक पडला, तर त्यासाठी मेकॅनिकला दोष देण्याआधी वारा कोणत्या बाजूने होता हे आठवून पाहावे.

वजनाविषयीचा समज मात्र बराच वाढवून सांगितलेला असतो. सपाट रस्त्यावर शंभर किलो जादा ओझ्याने टायरांचा रोध सुमारे १२ न्यूटन वाढतो, म्हणजे ताशी ८० ला एकूण रोधाच्या अडीच टक्के. घाटात हे ओझे उचलावे लागते, तेव्हा त्याचा वाटा वाढतो. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतची चढण अंदाजे ५०० मीटर धरली, तर १३०० किलोंची गाडी तेवढी वर नेण्यास जेमतेम एक लिटर पेट्रोल लागते आणि त्यात जादा शंभर किलोंचा वाटा सत्तर-ऐंशी मिलिलिटर असतो. म्हणून अवजारांची पेटी, जॅक आणि पाण्याचा कॅन घरी ठेवून कॅरिअर मात्र टपावर तसेच ठेवणारा माणूस उलटा हिशोब करत असतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देण्याची जुनी सवय तर दुहेरी तोट्याची आहे. एमपीएफआय इंजिन गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधनाची फवारणी जवळजवळ थांबते; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल लागतच राहते, शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार ब्रेक शूवर पडून ते तापतात.

टायर हा जिप्सीमालकांचा नाजूक विषय आहे. रबर प्रत्येक फेरीत दबते आणि सुटते, आणि दबताना घेतलेली सगळी ऊर्जा सुटताना परत करत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. मड टायरचे मोठे ठोकळे डांबरावर वाकतात आणि सरकतात, म्हणून त्यांची ही नासाडी अधिक असते, आणि हायवेवर ऐकू येणारा त्यांचा घुमणारा आवाज हा त्याच ऊर्जेचा एक किरकोळ अंश असतो. टायरांचा रोध एक तृतीयांशाने वाढला, तर ताशी ८० ला खर्च दहा टक्क्यांनी वाढतो. वर्षातले दहा दिवस चिखलात आणि बाकीचे दिवस रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला रस्त्याचे टायर घालणेच शहाणपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाळूसाठी हवा कमी केली असेल, तर डांबरावर येताच ती पुन्हा भरली पाहिजे, आणि दाब टायर थंड असतानाच मोजला पाहिजे, कारण तापलेल्या टायरचा वाढलेला दाब पाहून हवा सोडणे म्हणजे सकाळी कमी हवेवर निघणे होय.

पुढच्या चाकांच्या मध्यभागी फ्री-व्हीलिंग हब (चाके ॲक्सलपासून मोकळी करणारे जोड) असतील, तर ते हायवेवर मोकळे आहेत याची खात्री करावी. ते अडकलेले असतील, तर टू-व्हील-ड्राइव्हमध्येसुद्धा पुढचे डिफरन्शिअल आणि प्रॉपेलर शाफ्ट विनाकारण फिरत राहतात आणि घट्ट तेल घुसळत बसतात. बचत थोडी असते, पण त्यासाठी पैसा लागत नाही. याच गाड्यांच्या ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीची, एक खोड सांगण्यासारखी आहे: एसजे मालिकेत हाय रेंज (रस्त्यावरचा नेहमीचा टप्पा) लावली तरी ती सरळ एकास एक नसते. १३०० सीसीच्या जातीत तिथेही सुमारे १.४ पट गिअर कमी होतो, म्हणून पाचव्या गिअरमध्ये ताशी १०० ला इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या घरात असते, आणि त्या वेळी चाकांना हवी असते जेमतेम पंचवीस अश्वशक्ती. एवढ्या फेऱ्या आणि एवढे कमी काम ही जोडी पेट्रोलला महाग पडते. पुढची चाके तपासताना आणखी एक गोष्ट पाहावी: ब्रेक न दाबता दहा किलोमीटर जाऊन गाडी आपोआप थांबू द्यावी आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल, तर तिथे ब्रेक धरतो आहे किंवा बेअरिंग बिघडले आहे.

इंजिनाबाबत एक तत्त्व लक्षात ठेवले तर फसगत टळते: ट्यूनिंगने मूळचे हरवलेले ॲव्हरेज परत येते, नवे निर्माण होत नाही. प्लग, टॅपेटचे अंतर आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत पूर्ण न उघडणारा चोक (गार इंजिन सुरू करताना हवा अडवणारी झडप) यांची तपासणी यात मोडते. मात्र आपल्याकडचा सर्वांत खर्चीक उपद्व्याप निराळाच आहे. उन्हाळ्यात गाडी तापू नये म्हणून अनेक गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. पाणी ८०-८५ अंशांपर्यंत पोहोचेपर्यंत रेडिएटरचा मार्ग अडवणे एवढेच या छोट्या झडपेचे काम असते. ती नसेल, तर हायवेच्या वाऱ्यात इंजिन कायम गार राहते, तेल घट्ट राहते आणि एमपीएफआयचा संगणक इंजिन अजून गरम झालेले नाही असे समजून जादा पेट्रोल सोडत राहतो. तापमानाचा काटा लांबच्या प्रवासात तळाशीच रेंगाळत असेल, तर हाच संशय आधी घ्यावा. एअर फिल्टरबाबत अमेरिकेतील ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीच्या २००९ मधील चाचण्या बोलक्या आहेत: फिल्टर कोंदल्याने संगणक-नियंत्रित इंजेक्शनच्या गाड्यांचे ॲव्हरेज फारसे बदलले नाही, प्रवेग तेवढा कमी झाला, कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र तोटा होतो. इथेनॉलचे प्रमाण २० टक्के झाल्याने पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमधील ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. ही घट गाडीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. इथेनॉलने जुने रबर खराब होऊ शकते, म्हणून इंधनाचे रबरी पाइप मात्र तपासून घ्यावेत.

शेवटी, मोजमाप चुकले तर वरचे सगळे व्यर्थ आहे. टाकी फुल करून पुन्हा फुल करण्याची पद्धत योग्यच आहे, परंतु पंप तोच असावा, नळी आपोआप बंद झाली की थांबावे आणि अंतर दोन-तीनशे किलोमीटरांहून कमी नसावे. त्यातही एक फसवी गोष्ट आहे. मूळच्या २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६७ सेंटिमीटर असतो आणि हौसेने घातलेल्या २३५/७५ आर १५ चा ७३ सेंटिमीटरांहून थोडा जास्त, म्हणजे जवळजवळ दहा टक्क्यांनी मोठा. (गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे, हेही इथे नोंदवून ठेवू.) चाक मोठे झाले की तेवढ्याच अंतराला त्याचे फेरे कमी होतात, काटा मात्र फेरेच मोजतो. त्यामुळे गाडी ११० किलोमीटर गेली तरी ओडोमीटर १०० च दाखवतो, दहा लिटर पेट्रोल गेले तर मालक दहाचे ॲव्हरेज लिहून ठेवतो, आणि वेगाचा काटा ८० वर असताना गाडी प्रत्यक्षात ८८ ने वारा कापत असते.