सीपॅपची पार्श्वभूमी : हवा पहिल्याच रात्री लागू पडली, अडलं ते मास्कपाशी

सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून नाकात अखंड दाबाची हवा सोडणारं यंत्र) घरी नेणाऱ्या बहुतेक प्रत्येकाला एक आकडा ऐकवला जातो: रोज रात्री किमान चार तास. मास्क नाकाच्या हाडावर रुततो, घसा कोरडा पडतो, पहाटे कधीतरी पट्टे ओढून काढलेले असतात आणि ते कधी काढले हेही आठवत नाही. तरी मशीनच्या नोंदीत चार तास भरले की आपण पास! हा आकडा झोपेच्या शास्त्रातून निघाला असेल असा आपला समज असतो. तो तसा निघालेला नाही. तो कुठून आला हे कळायला चाळीस-पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

आधी आजाराबद्दल, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडणाऱ्या स्लीप ॲप्नियाबद्दल, थोडं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत जीभ आणि मऊ टाळू मागे सरकून हवेची वाटच बुजते. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत असतात, हवा मात्र आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा आवाज होऊन घसा मोकळा होतो आणि माणूस पुन्हा झोपेत. सकाळी त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं, शेजारी झोपणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा असं झालं, की डॉक्टर आजार तीव्र धरतात. आपल्याकडे घोरणाऱ्याला ‘काय सुखाची झोप लागलीय’ म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे पहिली कित्येक वर्षं कौतुकातच जातात.

डॉक्टरांनाही हे कोडं उशिराच सुटलं. १९५६ साली अमेरिकेत बरवेल आणि सहकाऱ्यांनी एका स्थूल उद्योजकाची हकीगत छापली. पत्ते खेळताना त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले, म्हणजे पोकरमधला जवळजवळ हुकमी डाव, आणि तेवढ्यात त्याला झोप लागली. डाव हातचा गेला, तेव्हा कुठे त्याला इस्पितळात जावंसं वाटलं! डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये उभ्या उभ्या झोपणारा ‘जो’ नावाचा लठ्ठ पोरगा आहे, त्याच्यावरून या डॉक्टरांनी आजाराला पिकविकियन सिंड्रोम असं नाव दिलं. नाव टिकलं, पण दिवसाच्या झोपेचं कारण त्यांनी रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर ढकललं. रात्रभर रुग्णाजवळ बसून त्याचा श्वास कोणी मोजलाच नव्हता. ते काम १९६५ मध्ये झालं, फ्रान्समधल्या मार्सेयमध्ये गास्तो यांच्या गटाने आणि जर्मनीत युंग व कूलो यांनी, वेगवेगळं. श्वास रात्रीत शेकडो वेळा थांबतो हे तेव्हा कागदावर उमटलं.

कारण कळल्यावर उपायही सरळ दिसला, फक्त तो भीषण होता. अडथळा घशात आहे ना, मग त्याच्या खाली श्वासनलिकेला भोक पाडायचं. १९६९ मध्ये कूलो यांच्या गटाने ही ट्रॅकिऑस्टॉमी अशा रुग्णांवर केल्याचं नोंदवलं. रात्री भोक उघडं, दिवसा त्याला बूच. गुण हमखास येत असे. पण पोहणं बंद, जंतुसंसर्गाची टांगती तलवार, आणि गळ्यातली नळी चारचौघांत दिसणार. १९८० पर्यंत तीव्र स्लीप ॲप्नियाच्या रुग्णापुढे डॉक्टर हाच खात्रीचा पर्याय ठेवत. हे लक्षात ठेवलं तर पुढची गोष्ट नीट कळते.

कॉलिन सुलिव्हन हे सिडनी विद्यापीठातले डॉक्टर. त्याआधी काही वर्षं टोरोंटोमध्ये एलियट फिलिपसन यांच्याकडे झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनावर त्यांनी काम केलं होतं. कुत्र्याच्या नाकाडावर घट्ट बसणारे फायबरग्लासचे मास्क त्यांनी तिथेच बनवले. जून १९८० मध्ये सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमध्ये त्यांच्याकडे बांधकामावर काम करणारा एक माणूस आला. आजार तीव्र होता. गळ्याला भोक पाडून घ्यायला त्याने साफ नकार दिला, पण एका रात्रीपुरता प्रयोग करायला तो आनंदाने तयार झाला. व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीची हवा नळीने त्याच्या नाकात सोडली. दाब वाढवला की श्वास सुरळीत, कमी केला की पुन्हा घसा बंद. नळाची तोटी फिरवावी तसा आजार चालू-बंद होत होता. मग सुलिव्हन यांनी दाब तसाच ठेवून त्याला रात्रभर झोपू दिलं. सकाळी तो ताजातवाना उठला.

१८ एप्रिल १९८१ च्या ‘द लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा निबंध आला. वापरलेला दाब होता साडेचार ते दहा सेंटिमीटर पाणी. एककाला बिचकू नका. पेल्यातल्या पाण्यात स्ट्रॉ दहा सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढायला जेवढं फुंकावं लागतं, तेवढाच हा दाब. ही हवा फुप्फुसं फुगवत नाही, श्वास रुग्णच घेतो. हवा फक्त घशाच्या भिंती आतून टेकू देऊन उघड्या ठेवते.

तशी दाबाची कल्पना जुनीच. १९३६ मध्ये लंडनच्या गायज हॉस्पिटलच्या पोल्टन यांनी हृदयविकाराने फुप्फुसात पाणी झालेल्यांसाठी असंच यंत्र केलं होतं, आणि गंमत म्हणजे तेही व्हॅक्यूम क्लीनरपासूनच. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरी यांनी श्वास धड घेऊ न शकणाऱ्या वीस नवजात बाळांना अखंड दाबाची हवा दिली, त्यातली सोळा वाचली. पण ती माणसं इस्पितळात होती, उपाय काही दिवसांपुरता होता. सुलिव्हन यांचे रुग्ण हिंडतेफिरते होते आणि त्यांना हे आयुष्यभर, दर रात्री, स्वतःच्या पलंगावर करायचं होतं.

घरगुती सीपॅपची सुरुवातीची वर्षं म्हणजे जिद्दीची कमाल. रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावर फायबरग्लासचा मास्क ओतायचा. हा मास्क पट्ट्यांनी बसत नसे. दर रात्री सिलिकॉनच्या चिकट पदार्थाने तो नाकाभोवती चिकटवायचा आणि सकाळी सोलून काढायचा. (मिशीवाल्यांनी काय केलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.) शेजारी मोटर घरघरत असायची. आणि तरीही लोक ते करत होते. कारण त्यांच्यासमोरचा दुसरा पर्याय गळ्यातलं भोक हा होता.

माझ्या मते मास्कच्या सवयीचा सगळा प्रश्न इथे उलगडतो. पहिल्या पिढीचे रुग्ण सर्वांत आजारी आणि सर्वांत घाबरलेले होते, म्हणून त्यांनी गोंदसुद्धा सोसला. १९८५ मध्ये अमेरिकेत रेस्पिरॉनिक्स कंपनीने तयार मशीन विकायला काढलं. १९८९ मध्ये सिडनीत पीटर फॅरेल यांनी सुलिव्हन यांच्या शोधावर रेसकेअर उभी केली, तीच पुढे रेसमेड झाली. मशीन सोपं झालं तसे कमी त्रास असलेले लोकही त्याच्याकडे वळले. १९९३ च्या विस्कॉन्सिनमधल्या पाहणीत मध्यमवयीन पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी ९ टक्के लोकांचा श्वास झोपेत तासाला निदान पाच वेळा अडकत होता. यांतल्या अनेकांना आपण आजारी आहोत असं वाटतच नव्हतं. त्यांच्यापुढे मास्कला पर्याय होता काहीच न करण्याचा.

त्याच वर्षी, १९९३ मध्ये, फिलाडेल्फियात क्रिब्ज आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या मशीनमध्ये दाब नोंदवणारा मायक्रोप्रोसेसर बसवला. तोवर डॉक्टर विचारत आणि रुग्ण सांगत, एवढंच चाले. साठ टक्के रुग्ण म्हणाले, आम्ही रोज लावतो. नोंदी वेगळंच सांगत होत्या. नियमित वापर कशाला म्हणायचं, तर अभ्यासकांनी एक रेघ ओढली: सत्तर टक्के दिवशी किमान चार तास. त्या रेघेपलीकडे ३५ पैकी १६ जण पोचले.

चार तास आले ते इथून. मोजणी करायला कुठेतरी रेघ हवी, म्हणून ओढलेली. २००८ नंतर अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने हीच रेघ पैशाला जोडली: पहिल्या ९० दिवसांत सलग ३० दिवसांच्या एकाही काळात सत्तर टक्के रात्री चार तास भरले नाहीत, तर मशीनचे पैसे बंद. प्रत्यक्षात २००७ मध्ये टेरी वीव्हर यांच्या गटाने दाखवलं होतं की स्वतःला जाणवणारी दिवसाची पेंग चार तासांपर्यंतच्या वापराने सुधारत जाते, प्रयोगशाळेत मोजलेली पेंग सहा तासांपर्यंत, आणि रोजची कामं नीट होणं साडेसात तासांपर्यंत. म्हणजे चारावर थांबायचं काही कारण नव्हतं. शिवाय स्वप्नांची झोप उत्तररात्री जास्त असते आणि अनेकांचा घसा त्याच वेळी जास्त बंद होतो. मध्यरात्री अडीचला मास्क काढणारा चार तास भरतो, पण वाईट वेळ उघडीच ठेवतो.

फ्रान्सनेही २०१३ मध्ये दूरवरून वापर मोजून पैसे देण्याचा नियम केला होता. रुग्णसंघटना भांडल्या आणि २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो रद्द केला. मला त्या संघटनांचं म्हणणं पटतं. झोपेतल्या माणसाची हजेरी घेऊन त्याला दंड करणं विचित्रच.

या काळात बदलला तो माणूस कमी, मशीन जास्त. पट्ट्यांचे सिलिकॉनचे मास्क आले, नाकपुड्यांत टेकणारे छोटे पिलो आले. झोप लागेपर्यंत दाब हळूहळू चढवणारा रॅम्प आला, श्वास सोडताना दाब जरा कमी करणारी सोय आली, हवेला ऊब आणि ओल देणारा ह्युमिडिफायर आला, गरजेप्रमाणे दाब स्वतः ठरवणारी मशीन आली. मास्कवरची बारीक भोकं मात्र पहिल्यापासून लागतातच. उच्छ्वास तिथून बाहेर जातो. नवखा माणूस त्यांना गळती समजून बोटाने दाबायला जातो, ते करू नये.

आपल्याकडे मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया यांच्या गटाने हिंदुजा हॉस्पिटलमधून ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ साली छापलेल्या आकड्यांनुसार १९.५ टक्के जणांचा श्वास झोपेत बिघडत होता, दिवसाच्या पेंगेसह धरले तर ७.५ टक्के. तरी सर्वसामान्य वाचकाला हा शब्द नीट ओळखीचा झाला तो फेब्रुवारी २०२२ मध्ये, बप्पी लाहिरींच्या मृत्यूच्या बातमीतून. इथे मशीन बहुधा स्वतःच्या पैशाने घेतलं जातं. पैसे कापणारी मेडिकेअर आपल्याकडे नाही, पण तिची चार तासांची रेघ मात्र आपल्यापर्यंत पोचली.

मोठ्या चाचणीनेही कमी वापराचं हेच दुखणं दाखवलं. २०१६ मध्ये छापलेल्या सेव्ह चाचणीत भारतासह सात देशांतले २,७१७ हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे रुग्ण होते. सीपॅपमुळे हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके कमी झाले नाहीत. पेंग आणि मनःस्थिती सुधारली. वापर सरासरी किती, तर रात्री ३.३ तास. उपाय फसला की तो पुरेसा घेतलाच गेला नाही, हा वाद अजून चालू आहे.

भरवशाला आणखी एक तडा जून २०२१ मध्ये गेला. फिलिप्सने आवाज दाबणारा आतला फोम झिजून त्याचे कण हवेत जाऊ शकतात म्हणून लाखो यंत्रं परत मागवली. मोठ्या कष्टाने सवय लावून घेतलेल्यांना आता मशीन लावावं की नको, हेच कळेना.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्यांसाठी टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. वजन उतरतं, घसा मोकळा होतो. त्याच्या चाचणीत रुग्णांचे दोन गट होते. एका गटात सीपॅप वापरणारे होते. दुसऱ्या गटात मशीन लावायला तयार नसलेले, किंवा लावूच न शकणारे.