शर्टाची शिवण आणि शिवणारीची मजुरी

जळगावच्या दुकानात शर्ट हातात आला की आपण शिवण ओढून बघतो, कॉलर उलटवतो, कापड चुरगळून सोडतो. खोट सापडली नाही की म्हणतो, "चांगल्या कारखान्यात बनलाय." कारखाना चांगला म्हणजे काय? माल चांगला निघतो तो, की माणसांना नीट वागवतो तो? पहिलं दर्जा-तपासणी सांगते, दुसरं फेअर ट्रेड, म्हणजे न्याय्य व्यापार. काम परदेशात गेलं की या दोघांची हमखास गल्लत होते.

कापूस विकणाऱ्या माणसाला हा फरक रोजच्या व्यवहारातून ठाऊक आहे. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ग्रेडर ढिगात मीटर खुपसतो. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, पुढे दरात कपात, 12 टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. धाग्याची लांबी, कवडी (किडका, डागी कापूस), काडीकचरा हेही पाहतात. पण वेचणाऱ्या बाईला किलोमागे काय मिळालं, हे कुठल्याच मीटरवर उमटत नाही. कापूस एक नंबर आणि तिची मजुरी महिनाभर थकलेली, असं होऊ शकतं.

हेच समुद्रापार होतं, फक्त अंतर वाढतं. भारतातून कापूस आणि सूत बांगलादेशात जातं, तिथे शिवलेले कपडे जगभर विकले जातात. माल निघण्याआधी खरेदीदाराचा तपासनीस येतो. 3,000 शर्टांच्या लॉटमधून नेहमीच्या पद्धतीने 125 नग काढतात. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची पातळी, 2.5 ठरली असेल, तर ठरलेल्या तक्त्याप्रमाणे 7 दोष चालतात, 8 निघाले की लॉट नापास. ही तपासणी काटेकोर असते, म्हणूनच परदेशात शिवलं म्हणजे माल हलका, हा आपला समज चुकीचा आहे. पण तपासनीस टाके मोजतो, भिंतीतल्या भेगा मोजत नाही.

24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा कोसळला. आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद राहिली, वरच्या शिलाई कारखान्यांतल्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. 1,100 हून अधिक माणसं गेली, त्यात बहुतेक बाया. तिथले कपडे परदेशातल्या नावाजलेल्या दुकानांत जात होते. त्या आकड्याशी मी आजही थांबतो, कारण त्या कपड्यांच्या शिवणीत काही खोट नसेल.

दर्जा आणि न्याय एकत्र घसरतात तेही मान्य करायला हवं. खरेदीदार भाव पाडतो, मुदत आवळतो. मग कारखाना न सांगता काम दुसऱ्या छोट्या कारखान्याला देतो. तिथे ओव्हरटाइमही बुडतो आणि टाकाही सुटतो. पण नेहमीच असं होईल याची खात्री नाही, म्हणून शिवण बघून मजुरी ओळखता येत नाही.

फेअर ट्रेड विचारतं ते वेगळंच: शेतकऱ्याला किमान भाव मिळाला का, त्यावरचा प्रीमियम (जादा रक्कम) शेतकऱ्यांच्या गटाच्या हातात आला का, तो कशावर खर्चायचा हे सभासदांनीच ठरवलं का, बालमजुरी तर नाही ना. आणि इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. कपड्यावरचा फेअरट्रेड कापसाचा शिक्का कापूस पिकवणाऱ्याबद्दल बोलतो. शिवणारीला पुरेशी मजुरी मिळाल्याची हमी तो देत नाही. सूतगिरणीपासून शिलाईपर्यंतच्या कामगारांसाठी फेअरट्रेडने 2016 मध्ये वेगळं मानक आणलं. ते स्वीकारलेले ब्रँड अजून फार थोडे आहेत.

अमळनेरला प्रताप मिल चालू होती तेव्हा कापूस शिवारातला आणि कापड गावातलं. कामगार शेजारच्या गल्लीत राहायचा, त्याचा पगार थकला की किराणा दुकानदाराला कळायचं. आता तेच कळायला शिक्का वाचावा लागतो, आणि तो नेमका कोणत्या टप्प्याचा आहे हे दुकानदाराला विचारावं लागतं.