कळा दाबण्याची लकब बँकेपर्यंत कशी पोहोचली

तारेच्या ‘कडकट्ट’वरून पलीकडे कोण बसले आहे हे जुन्या तारमास्तरांना कळत असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या श्रवणकेंद्रांनी याच लकबीवरून जर्मन ऑपरेटर ओळखले, आणि ऑपरेटर कुठे सरकला यावरून त्याची तुकडी कुठे सरकली याचा माग ठेवला. टायपिंगच्या लयीवरून माणसाची ओळख पटवावी का, या आजच्या वादाला या इतिहासाचा फारसा उपयोग नाही. आजचा वाद 1980 पासूनचा आहे.

त्या वर्षी एका अमेरिकन संशोधन संस्थेने आपल्याच कार्यालयातल्या सात सेक्रेटरींना तीन उतारे टाइप करायला लावले आणि चार महिन्यांनी तेच उतारे पुन्हा टाइप करून घेतले. एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर जायला किती वेळ लागतो, एवढेच मोजले. आय-एन, आय-ओ, एन-ओ, ओ-एन आणि यू-एल या पाच जोड्यांवरून त्या बायका एकमेकींपासून वेगळ्या ओळखता आल्या. पाचही जोड्या उजव्या हाताच्या. सगळ्या सराईत टायपिस्ट, सगळ्या नेहमीच्याच कळफलकावर. एवढ्या छोट्या, इतक्या शिस्तीच्या नमुन्यावर पुढची चाळीस वर्षे इमले चढले, हे लक्षात ठेवलेले बरे.

पुढचे आकडे तितके सुखद नाहीत. 1990 च्या एका प्रसिद्ध प्रयोगात 33 जण होते. तोतया आत शिरण्याचे प्रमाण 0.25 टक्के, म्हणजे उत्तमच. पण खऱ्या माणसालाच दारात अडवण्याचे प्रमाण 16.36 टक्के. सहातल्या एकाला आपल्याच घरात प्रवेश नाही! 2009 मध्ये 51 जणांकडून एकच पासवर्ड प्रत्येकी 400 वेळा टाइप करून घेतला आणि 14 पद्धती एकाच तराजूत तोलल्या. दोन्ही बाजूंच्या चुका समान ठेवल्या तर सर्वांत चांगल्या पद्धतीची चूक 9.6 टक्के निघाली. प्रवेश-नियंत्रणासाठीचे तेव्हाचे युरोपीय मानक मात्र खऱ्याला नाकारण्याची चूक 1 टक्क्याच्या आत आणि खोट्याला स्वीकारण्याची 0.001 टक्क्याच्या आत मागत होते.

एर्गोनॉमिक, म्हणजे हाताला ताण न देणाऱ्या, कीबोर्डची वाट वेगळीच. मधून दुभंगलेला कळफलक 1920 च्या दशकात जर्मनीत सुचवला गेला, खोलगट वाट्यांचा 1970 च्या दशकात ब्रिटनमध्ये आला, आणि 1994 मध्ये एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या वाकड्या कीबोर्डने तो घराघरांत नेला. या साऱ्यांचा हेतू मनगटाची जुनी सवय मोडण्याचा. टायपिंगवरून ओळख पटवणाऱ्यांना तीच सवय जशीच्या तशी हवी असते. दुखऱ्या मनगटामुळे सोमवारी कुणी दुभंगलेला कीबोर्ड घेतला, की मंगळवारी प्रणालीच्या लेखी तो परका. मनगटाचा आराम आणि लयीवरून ओळख, दोन्ही एकाच यंत्रात विकणारे या अडचणीबद्दल फारसे बोलत नाहीत.

तांत्रिक खोचही आहे. साधा यूएसबी कीबोर्ड संगणकाला सेकंदाला 125 वेळा, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी खबर देतो, त्यामुळे बारीक फरक तिथेच पुसट होतात. म्हणून मोजमाप कीबोर्डच्या आतच करावे, ही कल्पना पुढे आली. 2015 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने बोटाच्या स्पर्शातून निर्माण होणाऱ्या स्थिर विजेवरच चालणारा पातळ कीबोर्ड दाखवला आणि 104 जणांकडून इंग्रजीतला ‘टच’ हा शब्द चारचार वेळा टाइप करून घेतला. बोटाचा ठसा घेणारा कीबोर्ड तर 2004 मध्येच बाजारात होता. पण संवेदनशील माहिती किंवा कंपनीचे नेटवर्क यांच्या रक्षणासाठी तो वापरू नका, असे बनवणारी कंपनीच सांगत होती.

खरी ठिणगी पडली ती जून 2019 मध्ये. युरोपातल्या ऑनलाइन पेमेंटसाठी ग्राहकाने तीनपैकी दोन पुरावे द्यायचे होते: त्याला ठाऊक असलेले, त्याच्याजवळ असलेले आणि तो स्वतः. कार्डावर छापलेला नंबर यांपैकी कशातच बसत नाही, हे युरोपीय बँकिंग नियामकाने स्पष्ट केले. एसएमएसवरचा ओटीपी ‘जवळ असलेले’ ठरला. मग दुसरा पुरावा कुठून आणायचा? प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागितला तर गिऱ्हाईक खरेदी अर्ध्यात सोडते, ही व्यापाऱ्यांची भीती. नियामकाने ‘तो स्वतः’ या प्रकारात टायपिंगची लय घेतली आणि शरीरातून घडणाऱ्या वर्तनप्रक्रिया असे तिचे समर्थन केले. बोटाने आखायची पाठ केलेली रेघ मात्र ‘ठाऊक असलेले’ मानली. कार्डव्यवहाराच्या संदेशातून बँकेकडे जाणारी उपकरणाची माहितीही ‘तो स्वतः’ म्हणून चालणार नाही, असे बजावले.

झाले, ओटीपी टाइप करता करताच दुसरा पुरावा फुकटात मिळू लागला! सहा आकड्यांतून. नियमांत चुकीची शक्यता ‘अत्यल्प’ असावी असे म्हटले आहे, पण अत्यल्प म्हणजे किती, हा आकडा नाही. 9.6 टक्के हा प्रयोगशाळेतला निकाल होता, आणि तोही दहा कळांच्या पासवर्डचा. शिवाय 2018 पासून लागू झालेला युरोपचा विदा-संरक्षण (डेटा-संरक्षण) कायदा वर्तनावरून पटवलेली ओळखही बायोमेट्रिक मानतो, म्हणजे सर्वसाधारणपणे स्पष्ट संमती हवी. गुपचूप, ग्राहकाला त्रास न देता मोजता येते हाच ज्या पद्धतीचा मोठा गुण, तिच्यासाठीच ग्राहकाला आधी विचारावे लागणार. नियामकाने इथे घाई केली असे माझे मत आहे. लय शरीराची किती आणि समोरच्या कीबोर्डची किती, हे न ठरवताच शिक्का मारला गेला.

लय लपवण्याचे प्रयत्नही याच काळातले. कळांमधले अंतर मुद्दाम विस्कटणारे ब्राउझरचे एक एक्स्टेन्शन 2015 मध्येच आले होते.

भारतात रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर 2025 चे निर्देश 1 एप्रिल 2026 पासून लागू व्हायचे ठरले. त्यांत बोटांचे ठसे आणि इतर बायोमेट्रिक पुरावे म्हणून मान्य आहेत. टायपिंगचे नाव नाही. वापरकर्त्याच्या वागण्याचा पॅटर्न मात्र जोखीम तपासण्याच्या कलमात आहे, त्यामुळे लय इथे आलीच तर त्या दाराने येईल. आणि आपल्याकडे हात बदलतो तो नुसत्या कीबोर्डने नव्हे. भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर शिकलेल्याची बोटे निराळी धावतात. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्याची आणखी निराळी. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर परीक्षा देऊन आलेला कारकून घरी मोबाइलवर ‘नमस्कार’ रोमनमधून लिहितो. त्याच्या त्या दोन लयींना एका माणसाची मानणारी प्रणाली आय-एन, आय-ओच्या जोड्यांवर उभी राहणार नाही.