रानकांदा: हृदयाला लागू पडणारं विष

ऐन उन्हाळ्यात, गवत वाळून गेलेलं असताना, माळावर आणि कोकणातल्या रेताड जमिनीवर एक सरळसोट दांडा उगवलेला दिसतो. पान एकही नाही, वर नुसती मळकट तपकिरी फुलं. पानं येतात ती पाऊस पडल्यावर. खाली जमिनीत पांढरा गड्डा असतो. हाच रानकांदा किंवा कोलकांदा. दिसायला कांदा, पण कुळ शतावरीचं. कापला तर कांद्याचा वास नाही, आणि रस लागला की कातडीला खाज सुटते.

आयुर्वेदात तो खोकला-कफावर आणि हृदयविकारावर सांगितला आहे. भूमध्य समुद्राकाठचा त्याचा सख्खा भाऊबंदही तसाच वापरात होता. पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने तो कांदा घालून केलेल्या औषधी व्हिनेगरचं वर्णन केलं आहे. इतक्या दूरच्या दोन परंपरांनी एकाच प्रकारचा कांदा औषधासाठी निवडावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याचं कारण कांद्यातल्या रसायनांत आहे. हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या पडद्यावर सूक्ष्म पंप असतात. एका फेरीत ते सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे २ आत घेतात. रानकांद्यातली ग्लायकोसाइड्स नावाची रसायनं हे पंप अडवतात. पेशीत सोडियम वाढतं, त्यामुळे कॅल्शियमही साठत जातं आणि हृदयाचा स्नायू जोरात आकुंचन पावतो. थकलेल्या हृदयाला एवढा आधार पुरतो. मात्रा थोडी वाढली की याच कारणाने ठोके मंदावतात, चुकतात, थांबूही शकतात. आपल्या अंगणातल्या कण्हेरीचं विषही याच जातीचं.

युरोपात रानकांद्याच्या त्या भूमध्य समुद्राकाठच्या भाऊबंदाचा तांबडा प्रकार उंदरांचं विष म्हणून वापरत. माणूस, कुत्रा, मांजर यांना तो खाल्ल्यावर उलटी होते आणि बरंचसं विष बाहेर पडतं. उंदराला उलटी करताच येत नाही.

गड्ड्यात विष किती आहे, हे डोळ्यांना कळत नाही. जागेप्रमाणे, हंगामाप्रमाणे ते बदलतं. म्हणून घरी काढा करून पिणं धोक्याचं आहे, मग कृती कितीही जुनी असो. या ग्लायकोसाइड्सपैकी प्रोसिलॅरिडिन हे एक शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून युरोपातल्या डॉक्टरांनी वापरलं, तेही रुग्णाच्या नाडीवर लक्ष ठेवून. कुणी चुकून रानकांदा खाल्लाच, तर उलटी थांबायची वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि उरलेला गड्डा सोबत न्यावा. डॉक्टरांना ईसीजी लगेच काढायचा, हे त्यावरून समजतं.