पाचचा आकडा आला कुठून? व्हाइटचॅपेलच्या खुनांची पार्श्वभूमी

लंडनमध्ये बायकांचे खून करून कधीच न सापडलेल्या जॅक द रिपरच्या हातून मेलेल्या स्त्रिया म्हटलं की पाच नावं घेतली जातात: मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली. पहिला खून ३१ ऑगस्ट १८८८चा, शेवटचा ९ नोव्हेंबरचा. पण त्या वर्षी पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपेल या वस्तीत राहणाऱ्या माणसाला हा हिशेब पटला नसता. केलीचा खून झाला तेव्हा लंडनची वर्तमानपत्रं त्याला 'सातवा' म्हणत होती. पोलिसांच्या या प्रकरणाच्या फायलींत तर एप्रिल १८८८ ते फेब्रुवारी १८९१ या काळातल्या अकरा जणी आहेत. त्यांतल्या सहा जणी पुढे यादीतून गळल्या.

पाचचा आकडा पक्का केला तो फेब्रुवारी १८९४मधल्या एका सरकारी टिपणाने. लंडनच्या एका वर्तमानपत्राने एका मनोरुग्ण तरुणावर संशय घेणारी लेखमाला चालवली होती. तिला उत्तर तयार असावं म्हणून पोलीस दलातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने हे गोपनीय टिपण लिहिलं. बळी पाच आणि फक्त पाचच, असं त्यात ठासून म्हटलं आहे. हा अधिकारी दलात आला जून १८८९मध्ये. म्हणजे या पाचांपैकी एकाही खुनाच्या जागी तो तपासासाठी उभा राहिलेला नव्हता. त्याच टिपणात त्याने एका संशयिताला डॉक्टर ठरवलं आहे. तो माणूस होता बॅरिस्टर आणि शाळेतला शिक्षक. मुख्य संशयिताचा व्यवसाय ज्याला धड लावता आला नाही, त्याचा आकडा मात्र शंभरहून अधिक वर्षं प्रमाण मानला गेला.

या आकड्यामागे आधार होता तो १० नोव्हेंबर १८८८च्या वैद्यकीय अहवालाचा. पोलिसांच्या एका शल्यविशारदाने पाचही खून एकाच हाताचे असल्याचं मत दिलं. त्याने स्वतः तपासलेला मृतदेह त्यांतला एकच, केलीचा. बाकी चौघींबद्दल त्याने इतरांच्या नोंदी वाचून लिहिलं. या पाचांच्या आधीचा एक खून त्याच्यापुढे ठेवलाच नव्हता, त्यामुळे त्यावर त्याचं काही मत नाही. पुढे हे मौनच नकार म्हणून वाचलं गेलं, आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

आधीचा खून म्हणजे मार्था टॅब्रमचा. ७ ऑगस्ट १८८८ची पहाट, जॉर्ज यार्ड बिल्डिंग्ज. साडेतीनच्या सुमारास घरी परतणाऱ्या एका घोडागाडीवाल्याला जिन्याच्या चौकात कुणी तरी पडलेलं दिसलं. तिथे रात्री कुणी ना कुणी झोपलेलं असायचंच, म्हणून तो पुढे निघून गेला. उजाडल्यावर दुसऱ्या भाडेकरूला रक्त दिसलं. अंगावर ३९ वार होते. मार्था नवऱ्यापासून वेगळी राहत होती आणि रस्त्यावर किरकोळ सामान विकून पोट भरत होती. त्या रात्री ती आणि तिची मैत्रीण दोन सैनिकांबरोबर होत्या. सैनिकांची ओळखपरेड झाली, हाती काही लागलं नाही. तिचा गळा चिरलेला नव्हता, म्हणून ती यादीबाहेर. स्ट्राइडचा फक्त गळाच चिरला होता, पोटावर बाकी चौघींसारखा एकही वार नव्हता, तरी ती यादीत; कारण काय, तर खुन्याला कुणाची तरी चाहूल लागली असावी. एकीच्या बाबतीत तर्क चालतो आणि दुसरीच्या बाबतीत चालत नाही, याला तपास म्हणणं मला जड जातं. टॅब्रम पहिली असू शकते असं मानणारे अभ्यासक आज पुष्कळ आहेत. १८८९मध्ये खून झालेली अ‍ॅलिस मॅकेंझी रिपरची बळी होती का, यावर तर त्या वेळच्या डॉक्टरांमध्येही एकमत नव्हतं.

आकड्याइतकाच चिवट निघाला तो या सगळ्या बायका वेश्या होत्या हा शिक्का. जून १८८७मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर एका शिवणकाम करणाऱ्या तरुणीला पोलिसांनी वेश्या म्हणून पकडलं आणि गदारोळ झाला. तेव्हा पोलीस आयुक्तांनी हुकूम काढला की बाई स्वतः तसं म्हणत नसेल किंवा तिला तशी शिक्षा झालेली नसेल, तर शिपायाने तिला वेश्या म्हणू नये. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हाइटचॅपेलमध्ये अशा सुमारे १,२०० स्त्रिया असल्याचा अंदाज पोलिसांनी सरकारला कळवला आणि कोण वेश्या, कोण नाही हे कळायला मार्ग नाही, हेही लिहिलं. मृत स्त्रियांच्या बाबतीत हा संकोच कुणी पाळला नाही.

त्यांची आयुष्यं पाहिली तर चित्र बरंच गुंतागुंतीचं आहे. निकोल्सचा नवरा छापखान्यात कामाला, पाच मुलं. संसार मोडल्यावर ती वर्कहाउसच्या, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहांच्या, फेऱ्यांत अडकली. चॅपमनचा नवरा कोचमन. तो १८८६मध्ये वारला आणि तिला मिळणारे आठवड्याचे दहा शिलिंग बंद झाले. मग ती क्रोशाचं विणकाम आणि फुलं विकू लागली. धर्मशाळावजा लॉजिंग हाउसमध्ये एका खाटेचं एका रात्रीचं भाडं चार पेन्स होतं. आपापल्या शेवटच्या रात्री भाड्यापुरते पैसे नव्हते म्हणून या दोघींना बाहेर पडावं लागलं. एडोज तर दोनच दिवस आधी केंटमधल्या हॉप्सच्या (बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या) तोडणीवरून रिकाम्या हाताने परतली होती. तिच्या अंगावरच्या वस्तूंची यादी पोलिसांनी केली: चहाची डबी, साखरेची डबी, मातीच्या दोन चिलमी, लाल लोकरी हातमोजा, कंगवा, चमचा, चिंध्यांचे तुकडे, आणि मोहरीच्या डब्यात गहाणाच्या दोन पावत्या. त्यांतली एक जोडीदाराच्या बुटांची, अडीच शिलिंगांना गहाण टाकलेल्या. घर नसलेल्या बाईचा सगळा संसार तिच्या कपड्यांच्या खिशांत होता.

१८९४च्या टिपणाचा मजकूर १९६०च्या दशकात छापून आला, आणि नंतरचं लेखन संशयितांच्या मागे धावलं. बळींकडे गंभीरपणे वळायला त्यामानाने फार उशीर झाला. २०१५मध्ये केबल स्ट्रीटवर परवानगी मागताना स्त्रियांच्या इतिहासाचं म्हणून सांगितलेलं संग्रहालय प्रत्यक्षात रिपरच्या नावाने उघडलं, तेव्हा स्थानिकांनी दारात निदर्शनं केली. २०१९मध्ये एका इतिहासकार स्त्रीने पाच जणींची चरित्रं लिहिली. निकोल्स, चॅपमन आणि एडोज देहविक्रय करत होत्या याला ठोस पुरावा नाही, अशी तिची मांडणी. स्ट्राइडची स्वीडनमधली वेश्या म्हणून झालेली पोलीस नोंद आणि केलीचा तो व्यवसाय तिनेही मान्य केला. चौकशीतल्या साक्षी तिने सोयीने वापरल्या, असा काही अभ्यासकांचा आक्षेप आहे. तो वाद जोरात चालू आहे, पण तोही पाच जणींपुरताच. टॅब्रम, मॅकेंझी, एमा स्मिथ, रोझ मायलेट, फ्रान्सिस कोल्स आणि पिंचिन स्ट्रीटच्या कमानीखाली सापडलेली, कधीच ओळख न पटलेली ती स्त्री, या सहा जणींवर तेवढ्या बारकाईने काम व्हायचं अजून बाकी आहे.