विंडोज फोल्डरचा व्ह्यू का विसरतं : १९९५ पासूनची पार्श्वभूमी

फोल्डर उघडायचा, डिटेल्स व्ह्यू लावायचा, तारखेप्रमाणे सॉर्ट करायचं, नको ते कॉलम काढून टाकायचे, आणि दोन दिवसांनी तोच फोल्डर उघडला की परत मोठे मोठे आयकॉन आणि नावाप्रमाणे सॉर्टिंग. विंडोज वापरणाऱ्या बहुतेकांनी हे कधी ना कधी भोगलंय. ज्यांचं पोटच फाइलींवर आहे, म्हणजे लग्नाचे फोटो काढणारे, डीटीपीवाले, अकाउंटंट, त्यांचा तर यात रोजचा वेळ जातो. बरेचजण व्हायरस समजून फॉरमॅट मारून मोकळे होतात आणि महिन्याभरात तेच पुन्हा सुरू होतं, कारण हा बिघाड त्या एका मशीनचा नसतोच, विंडोजने हे सेटिंग कुठे आणि कसं लक्षात ठेवायचं ठरवलं तिथून तो आलेला आहे आणि ती गोष्ट तीस वर्षं जुनी आहे.

त्याच्याही आधी थोडं मॅकबद्दल बोलायला हवं. १९८४ साली पहिला मॅकिंटॉश आला तेव्हा फोल्डर म्हणजे एक खरीखुरी जागा असं धरलं होतं, फोल्डरची खिडकी जिथे ठेवली तिथेच परत उघडायची, आयकॉन जिथे सोडला तिथेच सापडायचा. १९८५ मध्ये एचएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइलींची नोंद ठेवायची पद्धत, आली आणि त्यात प्रत्येक फोल्डरच्या नोंदीतच खिडकीची जागा, आकार आणि व्ह्यू लिहायला राखीव जागा होती, त्यामुळे डिस्क दुसऱ्या मॅकला लावली तरी मांडणी सोबत जायची. पुढे मॅक ओएस एक्समध्ये यासाठी फोल्डरच्या आत डॉट डीएस स्टोअर नावाची लपलेली फाइल ठेवायला लागले. मॅकवाल्याने पाठवलेली झिप विंडोजवर उघडली की ही फाइल दिसते आणि लोक घाबरून विचारतात हे काय आहे. काही नाही, त्या फोल्डरची आठवण आहे ती.

विंडोजचा रस्ता वेगळा. विंडोज ३.१ च्या फाइल मॅनेजरमध्ये 'सेव्ह सेटिंग्ज ऑन एक्झिट' असा एक पर्याय होता, म्हणजे लक्षात ठेवायचं की नाही हे सरळ माणसाला विचारलेलं. १९९५ मध्ये विंडोज ९५ सोबत एक्सप्लोरर, म्हणजे फोल्डर उघडून दाखवणारा प्रोग्राम, आला, फोल्डरगणिक वेगळा व्ह्यू ठेवता यायला लागला, पण ती माहिती फोल्डरजवळ न ठेवता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग्जच्या साठ्यात, सगळ्या फोल्डरांची मिळून एका ठिकाणी ठेवली गेली. माझ्या मते तेव्हा दुसरा इलाजही फारसा नव्हता, कारण डिस्कवर फॅट फाइल सिस्टिम, तिच्यात प्रत्येक फाइलच्या मूळ नोंदीला मोजून ३२ बाइट, त्यात व्ह्यूबिव्ह्यू लिहायला जागा कुठून येणार, आणि सीडीवर किंवा ऑफिसच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये तर लिहायची परवानगीच नसते. म्हणजे निर्णयाला कारण होतं. पण त्याने एक गोष्ट कायमची ठरली, फोल्डरची आठवण फोल्डरमध्ये नाही, ती दुसरीकडे आणि फक्त पत्त्यावरून ओळखली जाते. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनच्या वहीसारखं समजा, पानं ठरलेली आणि तुम्ही कुठल्या गेटने आलात त्यावर तुमची नोंद.

पानं ठरलेली म्हणजे काय ते आधी. विंडोज ९५ च्या काळात या यादीत अगदी मोजकेच फोल्डर मावायचे, यादी भरली की सगळ्यात जुनं नाव बाहेर. विंडोज ९८ मध्ये फोल्डर ऑप्शन्समध्ये 'रिमेंबर इच फोल्डर्स व्ह्यू सेटिंग्ज' ही टिक आली, लोकांना वाटलं आता सगळं लक्षात राहणार, पण मर्यादा आतमध्ये होतीच. २००१ च्या विंडोज एक्सपीत ती ४०० फोल्डरांची होती. त्या वेळी कागदावर ४०० मोठा आकडा वाटत असेल, पण डिजिटल कॅमेरे नेमके त्याच वर्षांत स्वस्त होत होते, एका स्टुडिओच्या मशीनवर प्रत्येक कार्यक्रमाचा एक फोल्डर, त्यात हळद, साखरपुडा, रिसेप्शन असे पोटफोल्डर, ४०० व्हायला वर्षसुद्धा लागायचं नाही. आणि यात फक्त तुम्ही हाताने सेटिंग बदललेले फोल्डर मोजले जातात असंही नाही, नुसते बघून बंद केलेलेही यादीत जातात. तक्रारी इतक्या झाल्या की मायक्रोसॉफ्टला यावर स्वतंत्र लेख काढावा लागला आणि मर्यादा पुढे ५००० झाली. 'बॅगएमआरयू साइझ' ही व्हॅल्यू, म्हणजे यादीत किती फोल्डर मावतील तो आकडा, रजिस्ट्रीत घालून १०००० किंवा २०००० करा हा सल्ला आजही फिरतो तो तिथूनच आलाय.

या बॅगएमआरयूचं काम कसं चालतं ते एकदा समजून घेतलं की अर्ध्या तक्रारींचा उलगडा होतो. रजिस्ट्रीत दोन कीज, म्हणजे दोन खण, असतात, बॅग्ज आणि बॅगएमआरयू. बॅगएमआरयूमध्ये तुम्ही उघडलेल्या फोल्डरांचं झाड असतं, डेस्कटॉपपासून सुरू होऊन खाली खाली जाणारं, आणि प्रत्येक फांदीला नोडस्लॉट म्हणून एक नंबर. त्या नंबरची पेटी बॅग्जमध्ये असते आणि खरी सेटिंग्ज, म्हणजे व्ह्यू कुठला, आयकॉन केवढे, सॉर्टिंग कशावर, कॉलम कुठले, ती या पेटीत. आता गंमत बघा, झाड डेस्कटॉपपासून सुरू होतं म्हणून रस्ता बदलला की फांदी बदलते. विंडोज ७ मध्ये लायब्ररीतून डॉक्युमेंट्स उघडलं तर एक पेटी, तेच सी ड्राइव्ह, युजर्स असं करत गेलात तर दुसरी. फोल्डर तोच, फाइली त्याच, पण एक्सप्लोररच्या लेखी दोन वेगळे. फोल्डरचं नाव बदललं किंवा तो हलवला तर जुनी पेटी तशीच पडून राहते आणि नव्या नावाला सगळं पहिल्यापासून. पेनड्राइव्ह तर ई, एफ अशा अक्षरावरून ओळखला जातो, त्यामुळे आज ई आला आणि उद्या एफ आला की सेटिंग गेलं. एखाद्या सॉफ्टवेअरमधून फाइल ओपन किंवा सेव्ह करताना जो डबा उघडतो त्याचं सेटिंगही त्याच पेटीत पण वेगळ्या कप्प्यात, म्हणून एक्सप्लोररमध्ये नीट दिसणारा फोल्डर तिथे वेगळाच दिसतो. हे सगळं विसरणं नाहीच खरं तर, यंत्र त्याच्या नियमाने बरोबर वागतंय, पण माणूस फोल्डर म्हणून जे डोक्यात धरतो ते या नियमात बसत नाही.

जुन्या पेट्या तशाच पडून राहतात याचा फायदा घेणारेही आहेत. फोल्डर डिलीट केला, पेनड्राइव्ह काढून नेला तरी बॅगएमआरयूत त्याचं नाव आणि तारखा राहतात, म्हणून सायबर फॉरेन्सिकमध्ये 'शेलबॅग्ज' हा पुरावा म्हणून तपासला जातो, डब्लिनच्या संशोधकांचा यावरचा पेपर २००९ चा आहे. म्हणजे ज्या फोल्डरची तुम्हाला आठवण हवी त्याची जाते आणि जो कधीच पुसला त्याची राहते, हे मला खरंच अन्यायाचं वाटतं.

एक्सपीच्या काळाचं एक प्रकरण आपल्याकडे फार गाजलं ते इथेच सांगायला हवं, कारण त्याने लोकांच्या डोक्यात गोंधळ झाला तो अजून आहे. २००५ नंतर सायबर कॅफे आणि कॉलेजच्या लॅबमधून पेनड्राइव्हवर बसून फिरणारे व्हायरस आले, फोल्डरचाच आयकॉन लावलेली 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई' आठवत असेल, आणि इंडोनेशियातून आलेला ब्रॉन्टॉक. यातले काही टूल्स मेन्यूतून फोल्डर ऑप्शन्सच गायब करायचे. काही त्याहून हुशार, 'लपलेल्या फाइली दाखवा' हे सेटिंग ज्या व्हॅल्यूवर चालतं ती व्हॅल्यूच शून्य करून टाकायचे, मग तुम्ही कितीही वेळा टिक करून ओके दाबा, परत उघडलं की टिक मागच्याच जागी. हे मात्र खरोखर व्हायरसचं काम होतं. तेव्हापासून फोल्डरचं कुठलंही सेटिंग टिकलं नाही की पहिला संशय व्हायरसवर जातो. लपलेल्या फाइलींचं सेटिंग आपोआप उलटत असेल तर आजही स्कॅन कराच, पण व्ह्यू आणि सॉर्टिंग विसरण्याचं कारण बहुतेक वेळा ते नसतं. त्याच लॅबमध्ये आणखी एक प्रकार असायचा, रीस्टार्ट केलं की मशीन मूळ स्थितीत आणणारं डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर, तिथे काहीच टिकत नाही आणि तेच अपेक्षित असतं.

मग आला व्हिस्टा, जानेवारी २००७, आणि खरा घोळ इथे झाला असं माझं ठाम मत आहे. तोवर प्रश्न जागेचा होता, आता त्यात अंदाज घुसला. एक्सप्लोरर फोल्डरमधल्या फाइली बघून स्वतःच ठरवायला लागला की हा गाण्यांचा फोल्डर, हा फोटोंचा, हा कागदपत्रांचा, आणि त्याप्रमाणे साचा लावायला लागला. सुरुवात एक्सपीतच झाली होती पण व्हिस्टात ती नको इतकी वाढली. हिशोबाच्या फोल्डरमध्ये दोन-चार एमपीथ्री पडल्या की अचानक आर्टिस्ट, अल्बम असे कॉलम, आणि तुमची तारीख गायब. ४०० ची मर्यादा वाढल्याचा सगळा आनंद यात गेला, कारण जागा असूनही सेटिंग पुसलं जात होतं. विंडोज ७ मध्ये हे थोडं ताळ्यावर आलं, पण साचे राहिलेच, सर्वसाधारण, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओ असे पाच, आणि 'अप्लाय टू फोल्डर्स' हे बटण फक्त त्याच प्रकारच्या फोल्डरांना लागू होतं. ही गोष्ट त्या बटणाजवळ स्पष्ट लिहिलेली असती तर किती लोकांचा वेळ वाचला असता. माणूस कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये उभा राहून ते दाबतो, फोटोंचे फोल्डर जागचे हलत नाहीत आणि तो म्हणतो कॉम्प्युटर ऐकत नाही.

विंडोज ७ ने आणखी तीन गोष्टी काढून घेतल्या. प्रत्येक फोल्डरची खिडकी आपापल्या जागी उघडणं बंद झालं, आणि ती 'रिमेंबर इच फोल्डर' वाली टिकच फोल्डर ऑप्शन्समधून गेली. फोल्डरच्या आत आयकॉन मनासारखे कुठेही मांडून ठेवायची सोयही याच वेळी गेली. २०१५ च्या विंडोज १० मध्ये परत आलं नाही काही. उलट २०१९ च्या १९०३ अपडेटमध्ये डाउनलोड्स फोल्डर आपोआप 'आज', 'काल', 'गेल्या आठवड्यात' असा गट पाडून दिसायला लागला. डाउनलोड्सचा साचा बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे, म्हणून दुसरीकडे कितीही अप्लाय दाबलं तरी तिथे फरक पडत नाही, तिथे आत जाऊनच 'ग्रुप बाय' मध्ये 'नन' (None) करावं लागतं, आणि ब्राउझरच्या सेव्ह डब्यात पुन्हा वेगळं.

ऑफिसमधल्यांसाठी अजून एक भानगड. एक्सपीत लोकल फोल्डरांची सेटिंग्ज 'शेलनोरोम' नावाच्या कीखाली असायची, म्हणजे तुमचं प्रोफाइल, तुमच्या नावाची सगळी सेटिंग्ज, सर्व्हरवरून दुसऱ्या मशीनवर आलं तरी ही येणार नाहीत हे ठरवूनच केलेलं. व्हिस्टापासून ती युझरक्लास डॉट डॅट या फाइलमध्ये गेली, तीही लोकल ॲपडेटामध्येच, म्हणजे न फिरणारी. बँकेत किंवा सरकारी कचेरीत रोज वेगळ्या मशीनवर बसणाऱ्याला म्हणूनच रोज नवा चेहरा दिसतो. आणि 'टेम्पररी प्रोफाइल' असा मेसेज येत असेल तर फोल्डरच काय, वॉलपेपरसुद्धा राहणार नाही, तिथे प्रोफाइल दुरुस्त करणं हाच मार्ग.

आता जे उपाय सगळीकडे सांगतात ते या इतिहासात कुठे बसतात बघा. बॅग्ज आणि बॅगएमआरयू डिलीट करा असं सांगतात तेव्हा ती गोंधळलेली यादी कोरी होते, पण त्याबरोबर सगळ्या फोल्डरांची सेटिंग्ज जातात हे आधी माहीत हवं, आणि एक्सप्लोरर चालू असताना केलं तर तो बंद होताना जुनंच परत लिहू शकतो, म्हणून टास्क मॅनेजरमधून तो बंद करून, कमांड प्रॉम्प्टवरून डिलीट करून मग चालू करायचा. बॅग्जच्या आत ऑलफोल्डर्स, त्याच्या आत शेल, तिथे 'फोल्डरटाइप' ला 'नॉटस्पेसिफाइड' लिहा असं सांगतात तो व्हिस्टाच्या अंदाजावरचा इलाज, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गुण यानेच येतो. एखाद-दुसऱ्या फोल्डरचाच त्रास असेल तर प्रॉपर्टीजमध्ये कस्टमाइझ टॅबवर 'जनरल आयटम्स' निवडणं पुरतं, रजिस्ट्रीला हात लावायची गरज नाही. विनसेटव्ह्यू नावाचं फुकट टूल हे सगळं एका खिडकीतून करून देतं, रजिस्ट्रीची भीती वाटणाऱ्यांनी ते वापरावं. आणि दर आठवड्याला क्लीनर सॉफ्टवेअर चालवायची सवय असेल तर त्यात 'विंडो साइझ आणि लोकेशन कॅशे' अशी टिक आहे का ते बघून काढून टाका, कारण ती या पेट्याच पुसते आणि मग वरचं काहीही करून उपयोग होत नाही.

मशीन फॉरमॅट करायचंच असेल तर बॅग्ज आणि बॅगएमआरयू दोन्ही एकत्र एक्सपोर्ट करून ठेवा, एक ठेवून उपयोग नाही कारण नंबर एकात आणि सेटिंग दुसऱ्यात. नव्या विंडोजमध्ये युजरनेम आणि ड्राइव्हची अक्षरं तीच ठेवलीत तर बरंचसं परत येतं.